प्रश्न कापणारी

१

नवऱ्याने प्रश्न विचारायचे आणि बायकोने ते कापून टाकायचे, असा त्यांच्या घरचा उद्योग होता.

चमत्कारिक वाटेल, पण त्यांचा पॉडकास्ट याच रीतीने चालायचा. निवृत्त माणसांच्या मुलाखती असायच्या. कुणी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, कुणी नाटकाचा पडदा ओढलेला. तो छोटा रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि त्यांना बोलतं करायचा. ती घरी मागच्या खोलीत बसून त्या बोलण्याचा एपिसोड करायची. एपिसोडमध्ये आवाज फक्त पाहुण्यांचा, विचारणाऱ्याने मध्ये लुडबुड करायची नाही, हे दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्यामुळे फाइल हातात आली की तिचं पहिलं काम ठरलेलं. त्याचा आवाज शोधायचा आणि काढून टाकायचा.

तो तिला 'कात्री' म्हणायचा. "घरी आमची कात्री बसलीय," असं पाहुण्यांना सांगायचा, "माझा प्रश्न तुमच्या उत्तरात घेऊन बोला, नाहीतर ती तुमचंही नाक उडवेल." हेही ती कापायची. कधी पाहुण्यांचं लक्ष नाही असं बघून तो माइकला तोंड लावून पुटपुटायचा, "कात्री, एवढं एक वाक्य ठेव हं, पाया पडतो तुझ्या." ती हेडफोनमध्ये एकटीच हसायची, आणि तेही कापायची. कॉम्प्युटरमध्ये जागेची कायमची ओढाताण, म्हणून एपिसोड झाला की मूळ फाइल पुसून मोकळी व्हायची. टापटिपीचा संसार होता.

मग तो गेला. जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना, हृदय बंद पडून. ती त्या वेळी मागच्या खोलीत दार लावून, हेडफोन घालून एका जुन्या मुलाखतीतून त्याचाच उरलासुरला आवाज काढून मूळ फाइल पुसत बसली होती. तळमजल्यावरच्या काकूंनी नंतर सांगितलं, "दोनदा हाक मारली गं त्यांनी तुला." त्यांनी ते मायेनेच सांगितलं. पण ते वाक्य तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. जेवताना, दात घासताना, कुणाला 'बरी आहे' म्हणताना ते मध्ये यायचं.

नातेवाइकांपैकी कुणीतरी विचारलं, त्याच्या आवाजातलं काही आहे का गं तुझ्याकडे? तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं त्याचा आवाज रोज ऐकूनही तिच्याकडे त्यातला एक शब्द उरलेला नाही. फोनवर तो फक्त टाइप करायचा. पोचलो. निघालो. दूध आणू का?

एक फाइल तेवढी राहिली होती. जाण्याच्या थोडेच दिवस आधी तो एका बाईंची मुलाखत घेऊन आला होता. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, दोन माणसांच्या तारा जोडून देण्यात त्यांचा जन्म गेलेला. ती फाइल तिने अजून उघडलीच नव्हती.

"वहिनी, तुम्हाला जमत नसेल तर राहू दे," धाकट्या दिराचा फोन आला. एपिसोड लोकांपर्यंत पोचवायचं काम त्याच्याकडे असायचं. "लोक विचारतायत, पण आपण बंद केलं तरी कुणी काही म्हणणार नाही."

"मी करते," ती म्हणाली. एपिसोडशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं. त्या फाइलमध्ये त्याचा आवाज होता.

२

मागची खोली म्हणजे खरं तर अडगळीची जागा होती. आवाज घुमू नये म्हणून त्याने एका भिंतीला जुनी गादी उभी करून दोरीने बांधली होती, खिडकीला जाड पडदा लावला होता. दुपारी इमारत सामसूम असायची, म्हणून ती दुपारीच कामाला बसायची.

"बाई, चहा गार होतोय तुमचा. घ्या आधी," हेडफोनमध्ये तो म्हणाला.

तिने फाइल थांबवली आणि टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं. मग चष्मा पुसला. त्या दिवशी जिन्याकडे धावताना चष्म्याची काडी मोडली होती, तिला चिकटपट्टी गुंडाळून ती दिवस काढत होती.

यातलं काही म्हणजे काही कापायचं नाही, असं तिने ठरवलं. नुसतं ऐकायचं. शेवटपर्यंतही जायचं नाही, कारण शेवट आला की त्याचं बोलणं संपणार. रोज थोडं ऐकायचं आणि थांबायचं.

बाईंच्या खोलीत पंखा होता, दर फेरीला कट् करणारा. आतमध्ये कुठे तरी नळ गळत होता. बाई छान बोलत होत्या. तारा कशा ओढायच्या, घाईतली माणसं कशी ओरडायची, प्रेमातली कशी कुजबुजायची. तो मध्ये मध्ये 'हं' म्हणत होता. त्याचं ते 'हं' तिने आजवर पोत्याने काढून फेकलं होतं.

बाई दम घ्यायला थांबल्या आणि तो म्हणाला, "कात्री, जेवतेस ना वेळेवर?"

ती हसलीच. शेवटी एक चेष्टा ठेवून गेला म्हणायचा! पण हसू ओठावर असतानाच तिला काहीतरी खटकलं. तिच्यासाठी पुटपुटलेलं वाक्य तो चटकन उरकायचा आणि पुढे जायचा. इथे तो पुटपुटला नव्हता, सरळ आवाजात बोलला होता. आणि नंतर थांबला होता. पाहुण्याला प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत तो जसा दम धरून थांबायचा, अगदी तसा. पंखा कट् कट् करत राहिला. बाईंनीही अवाक्षर काढलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा तारांचा विषय काढला.

चहा घेत असतील, तिने स्वतःला सांगितलं. चहा घेताना माणसं गप्पच असतात.

३

दुसऱ्या दुपारी ती पुढे सरकली. बाई नव्या मुलींना शिकवण्याबद्दल सांगत होत्या. मध्येच तो म्हणाला, "गादी सरकली ना परत? ती दोरी बदलायची राहूनच गेली माझ्याकडून."

पुन्हा तीच शांतता. तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. गादी एका बाजूने खाली घसरून पोटात दुमडली होती. ती गेल्याच आठवड्यात घसरली होती, तो गेल्यानंतर. तिने खाली एक स्टूल अडकवून ठेवलं होतं.

गादी काय, नेहमीच घसरायची, तिने विचार केला. दोरी जुनी होती हे त्याला माहीत असणारच. यात घाबरण्यासारखं काही नाही. हिशोब जुळत होता, तरी तिची नजर गादीवरून हलेना. आणि तो थांबला होता. त्याला ताटकळत ठेवणं तिला जिवावर आलं.

"सरकली," ती मोठ्याने म्हणाली. "स्टूल लावलंय मी."

स्वतःचाच आवाज ऐकून ती ओशाळली. कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते तिला माहीत होतं. तिने सगळं बंद केलं आणि भाजी आणायला गेली.

४

पुढच्या दिवशी तिने तीच जागा परत लावली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"गादी सरकली ना परत? ती दोरी बदलायची राहूनच गेली माझ्याकडून."

पंख्याचं कट् कट्. मग एका बाईचा आवाज आला, थोडा लांबून, माइकपासून दूर बसलेल्या माणसाचा येतो तसा. "सरकली. स्टूल लावलंय मी."

"हं," तो म्हणाला.

तिने माइक पाहिला. तो कपाटात होता, वायर गुंडाळलेली. फाइलची एक प्रत तिने आधीच बाजूला काढून ठेवली होती, ती लावली. तिथेही तिचा आवाज होताच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जिथे काल आवाजाची रेघ सपाट होती, तिथे आज तिचे शब्द छोट्या टेकड्यांसारखे उभे होते. आणि ते शब्द या खोलीतले नव्हते. इतक्या वर्षांच्या कामाने तिचा कान तयार होता. या खोलीत गादीमुळे आवाज बसका यायचा. तो आवाज मात्र बाईंच्या खोलीत घुमला होता, पंखा आणि नळ त्याच्या मागून चालले होते.

भीती वाटली, नाही कशाला म्हणा. पण खरं सांगायचं तर भीती मागाहून आली. आधी आला तो आनंद. तिने हेडफोन घट्ट दाबले आणि पहिला प्रश्न शोधून काढला.

"जेवते," ती म्हणाली. "तुझ्यासारखं उभ्या उभ्या नाही जेवत."

फाइल मागे घेऊन लावली. तिचं उत्तर तिथे होतं, आणि त्यावरचं त्याचं हसणंही.

५

मग तिच्या दुपारी भरून गेल्या. थोडं पुढे ऐकायचं, प्रश्न आला की उत्तर द्यायचं, मागे जाऊन त्याचं 'हं' ऐकायचं. तो साधंच विचारायचा. आपल्या नळाची चकती बदलून घेतलीस का? धाकटा फोन करतो ना? रात्री झोप येते? तिने एकदा भरलेल्या जागेत आणखी चार शब्द घालून पाहिले, पण ते उमटले नाहीत. एका जागेला एकच उत्तर. एरवी पाहुण्यांनाही तो दुसऱ्यांदा सांगायला लावायचा नाही.

दिराने विचारलं, "वहिनी, कुठवर आलं?"

"प्रश्न निघायचेत अजून," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

हे वेड आहे, असं तिला रोज सकाळी वाटायचं. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, असं ती स्वतःला शहाण्यासारखं समजावायची. दुपार झाली की तो शहाणपणा दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून ती आत जायची. बाहेरची कामं मागे पडली. काकूंनी दार वाजवलं तरी ते तिला ऐकू यायचं नाही.

फाइल आता थोडीच उरली होती. बाई शेवटच्या दिवशीच्या निरोपाबद्दल सांगत होत्या. त्या थांबल्या. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. श्वासावरून हे तिला कळायचं.

"कात्री," तो म्हणाला, "मी तिथे नाहीये का?"

तिने उत्तर दिलं नाही. द्यायचंच नव्हतं. पण हुंदका काही परवानगी घेऊन येत नाही. तो आला आणि मागून रडण्याची उबळच आली. तिने कॉम्प्युटर बटण दाबून बंद केला, हेडफोन फेकले आणि त्या खोलीतून बाहेर पळाली.

६

टेलिफोनबाईंचं घर एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. ती भर सकाळी गेली. त्याने काही विचित्र विचारलं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. बाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर ती सरळ डॉक्टरकडे जाऊन झोपेच्या गोळ्या मागणार होती.

बाईंनी दार उघडलं. "या, या. बरं झालं परत आलात. यजमानांचं कळलं हो मला. फार वाईट झालं."

"मी पहिल्यांदाच येतेय," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "असं काय म्हणता? त्या दिवशी तुम्ही होतात की. ते इथे बसले होते, मी समोर, आणि तुम्ही त्यांच्या मागे, त्या खुर्चीत. कानाला ते लावून. चष्म्याची पट्टी अजून तशीच आहे की तुमच्या."

तिचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. खोलीत पंखा कट् कट् करत होता. भिंतीपाशी वेताची एक खुर्ची होती, तिच्यावर घडी केलेला टॉवेल ठेवलेला.

"मला आधी वाटलं, मदतीला आणलं असेल," बाई म्हणाल्या. "पण ते मध्येच तुमच्याशी बोलायला लागायचे, तुमच्याकडे न बघता. तुम्ही मागून उत्तर द्यायचात. म्हटलं नवरा-बायकोचं काहीतरी चाललंय. आमच्या कामात एक शिस्त होती बघा. दोघं बोलायला लागले की आपण गप्प. म्हणून मी थांबत होते."

"शेवटी काय झालं?"

"शेवटी तुम्ही रडायला लागलात. त्यांनी विचारलं ना, मी तिथे नाहीये का, म्हणून. त्यांचा चेहरा असा उतरला, काय सांगू! कपातला चहा बशीत सांडला. मग मला म्हणाले, बाई, आता एकच विचारतो आणि आवरतो. मी उठून स्वयंपाकघरात गेले. इतकं खासगी झालं की कान काढून घ्यायचा, ही आमची सवय."

"म्हणजे तुम्ही ऐकलं नाही? मी काय सांगितलं ते?"

"नाही बाई. मी आले तेव्हा मशीन बंद होतं, आणि तुम्ही निघून गेला होतात. ते मात्र हसत होते. अगदी ओझं उतरल्यासारखे. मला हायसं वाटलं." बाईंनी तिचा हात धरला. "असं काय सांगितलंत हो त्यांना?"

"अजून सांगितलं नाही," ती म्हणाली.

७

परतताना ती रस्ता ओलांडायला थांबली आणि तिथेच तिला सगळं लख्ख दिसलं. फाइलमध्ये एक प्रश्न उरला आहे. त्यापुढे एक रिकामी जागा आहे. आणि त्या जागेत बोललेलं त्याला ऐकू जातं, तो जिवंत असतानाच्या एका सकाळी. तो हसत होता, बाई म्हणाल्या. हसणारच! आपण त्याला वाट सांगितली असणार. डॉक्टरकडे जा, आजच जा, हृदयाचं काहीतरी आहे. दुकानात पाठवलेलं लहान पोर सामानाची नावं घोकतं तसं ते वाक्य घोकत ती घरापर्यंत आली.

तर्क मागून येऊन खांद्याला हात लावत होताच. सांगितलं असतं तर तो गेला नसता. पण तर्काचं ऐकायचे दिवस केव्हाच संपले होते.

जिना चढताना तिला त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. तो बाईंकडून आला आणि मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "थोडा वेळ बसू का इथे?" "बस, पण आवाज करू नकोस," ती म्हणाली होती. तो तिच्या मागे स्टुलावर बसून राहिला. पुढचे सगळे दिवस येऊन बसायचा. तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं, तिच्या हातात काम होतं. आता ती जिन्यातच थांबली. त्या एका संध्याकाळसाठी तिने उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकलं असतं.

तिने हेडफोन घातले. फाइलचा शेवटचा तुकडा लावला.

पंखा, नळ. तिचं रडणं लांबून येत होतं, आणि मग ओसरलं. बाईंची पावलं आत गेली. तिचे डोळे उघडेच होते, पण कॉम्प्युटरच्या पडद्याच्या जागी दुसराच उजेड होता, हातांखाली वेत लागत होता, आणि समोर हाताच्या अंतरावर त्याची मान होती. कापायला झालेले केस. कॉलर एका बाजूने आत दुमडलेली, नेहमीसारखी. ती सरळ करायला हात उचलण्याचीही तिला भीती वाटली.

"कात्री," तो म्हणाला, मागे न बघता. "खरं सांग. त्या वेळी तू जवळ होतीस ना माझ्या?"

वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्याचा असा आवाज तिने इतक्या वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. तो घाबरला होता. कधी, कसं, काहीच त्याने विचारलं नाही. एवढंच विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला.

"होते," ती म्हणाली. "जवळच होते. पहिल्या हाकेला आले. तुझा हात माझ्या हातात होता."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. मान हळूच तिच्याकडे वळायला लागली. "मग काही नाही."

"आता नीट ऐक," ती घाईघाईने म्हणाली, "डॉक्टरकडे—"

खट् झालं. त्याने रेकॉर्डर बंद केला होता.

समोर पुन्हा कॉम्प्युटरचा पडदा होता, शेजारी दुमडलेली गादी. तिने फाइल मागे घेऊन लावली. तिचं खोटं स्वच्छ उमटलं होतं, त्याचं 'मग ठीक आहे' उमटलं होतं, आणि मग ते खट्. त्यापुढे रेघच नव्हती.

"डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "आजच जा. दुधाला मी जाते, तू जिना उतरू नकोस. आणि मला हाक मार, जोरात मार, मी दार उघडं ठेवते." फाइल संपली होती. ती तरीही त्याला सांगत राहिली.